भाड्याच्या हिशेबातला रस्ता

फूर्निये स्ट्रीटची ओळख करून देणारा जवळजवळ प्रत्येक माणूस तुम्हांला आधी त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला नेतो. लंडनच्या जुन्या तटबंदीच्या बाहेर, पूर्वेला, स्पिटलफील्ड्स नावाची वस्ती आहे. तिच्यात कमर्शियल स्ट्रीट आणि ब्रिक लेन या दोन वर्दळीच्या रस्त्यांना जोडणारा, चार मिनिटांत चालून संपणारा हा राहत्या घरांचा रस्ता आहे. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर विटांची एक भारदस्त इमारत उभी आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांनी, म्हणजे ह्यूगेनॉट लोकांनी, ती १७४३ च्या सुमारास प्रार्थनागृह म्हणून बांधली. १८०९ मध्ये ती ज्यूंना ख्रिस्ती करू पाहणाऱ्या एका संस्थेकडे गेली, १८१९ मध्ये मेथडिस्ट पंथाकडे, १८९८ मध्ये तिथे ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ मध्ये जामे मशीद. दक्षिणेच्या भिंतीवर, अगदी वर, एक सूर्यघड्याळ आहे आणि त्यावर १७४३ हे साल व ‘उम्ब्रा सुमुस’, म्हणजे ‘आपण छाया आहोत’, अशी लॅटिन अक्षरे आहेत. वाटाडे इथे थांबतात, घड्याळाकडे बोट दाखवतात आणि एकाच छपराखाली तीन धर्म नांदल्याची गोष्ट सांगतात.

गोष्ट खरी आहे आणि साले बरोबर आहेत. तरीही दर वेळी ती ऐकताना मला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, कारण हे सगळे लोक याच रस्त्यावर का आले आणि इथून का गेले, हा साधा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारतच नाही. लोक लाटांसारखे आले आणि लाटांसारखे ओसरले, असे म्हटले की माणसांच्या हालचालीला निसर्गाचे रूप येते. मग त्यामागे कुणाचा निर्णय होता, कुणाचा फायदा होता हे पाहण्याची गरज उरत नाही. या रस्त्याचा इतिहास मी जसजसा वाचत गेले, तसतसा तो मला धर्मांपेक्षा घरभाड्याचा इतिहास वाटू लागला. त्या इमारतीत देव बदलत गेले ते रस्त्यावरून दिसते. तिच्या आसपासच्या घरांमध्ये खोलीचा दर बदलत गेला, तो मात्र दिसत नाही.

मुळात हा रस्ता ह्यूगेनॉट लोकांनी वसवलेलाच नाही. ११९७ मध्ये इथे सेंट मेरी स्पिटल नावाचा मठ आणि त्याचे रुग्णालय स्थापन झाले आणि त्याच्या शेतांवरून वस्तीला नाव पडले. १५३९ मध्ये मठ बंद झाला, तरी जागा शहराच्या हद्दीबाहेरचीच राहिली. हद्दीबाहेर असण्याचा अर्थ असा की शहरातल्या धंदेवाईक संघांचे नियम इथे तितके लागू नव्हते. परका कारागीर इथे माग मांडू शकत होता आणि जागाही स्वस्त होती. १६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने नांतचा जाहीरनामा रद्द करून प्रॉटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतले, तेव्हा इंग्लंडात आलेल्या सुमारे पन्नास हजार लोकांपैकी रेशीम विणणारे बरेच जण इथे स्थिरावले, कारण विणकरांची वस्ती इथे आधीपासून होती. आपला धंदा जाणणारे शेजारी आणि परवडणारी खोली या दोन गोष्टींवर नवखा माणूस वस्ती निवडतो. स्पिटलफील्ड्सकडे दोन्ही होत्या.

रस्ता आखला तो मात्र चार्ल्स वुड आणि सायमन मिचेल या दोन वकिलांनी. १७२० च्या दशकात त्यांनी आपल्या ताब्यातल्या जमिनीचे भूखंड पाडले आणि ते सुतार, गवंडी अशा बांधकाम करणाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. पट्टेदाराने स्वतःच्या पैशाने घर बांधायचे, ते भाड्याने देऊन खर्च वसूल करायचा, जमिनीच्या मालकाला ठरलेले वार्षिक भुईभाडे द्यायचे आणि मुदत संपली की जमीन घरासकट मालकाकडे परत, अशी ही व्यवस्था होती. लंडनचा फार मोठा भाग याच पद्धतीने उभा राहिला आहे. तेव्हा रस्त्याचे नाव चर्च स्ट्रीट होते, कारण पश्चिमेच्या टोकाला निकोलस हॉक्समूरच्या आराखड्याप्रमाणे क्राइस्ट चर्च उठत होते. ते १७१४ मध्ये सुरू होऊन १७२९ मध्ये पुरे झाले. लंडनभर पन्नास नवी चर्चे बांधण्याचा कायदा १७११ मध्ये झाला होता. त्यांपैकी थोडीच प्रत्यक्षात आली, पण फ्रेंच प्रार्थनागृहांनी आणि इंग्रज बंडखोर पंथांनी भरलेल्या या वस्तीत राजमान्य चर्चचा मनोरा उभा राहणे सत्तेला फार निकडीचे वाटले असणार. आजही त्या मनोऱ्याखाली उभे राहिले की त्यात आमंत्रणापेक्षा दरारा अधिक जाणवतो.

घरे मात्र आमंत्रण देणारी आहेत. तपकिरी विटांच्या तीन-चार मजली भिंती, कोरीव कंस असलेल्या लाकडी दारचौकटी, आत भिंतींना नखशिखांत लाकडी तक्तपोशी, वळणावळणाचे जिने, आणि सगळ्यांत वर, पोटमाळ्याला, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या लांबच लांब खिडक्या. या खिडक्या पाहून पाहुण्याला वाटते की घराचा मालक वरती मागावर बसत असे. वस्तुस्थिती जरा निराळी होती. इथे राहणारे मोठे विणकर हे बहुतांशी व्यापारी होते. ते कच्चे रेशीम विकत घेत, नक्षी ठरवत, सूत मजुरीने विणणाऱ्यांकडे पाठवत आणि तयार कापड विकत. प्रत्यक्ष माग खडखडत ते मुख्यतः आसपासच्या बोळांतल्या आणि शेजारच्या बेथनल ग्रीन वस्तीतल्या कोंदट खोल्यांत. म्हणजे हा रस्ता जन्मापासूनच धनिकांचा होता, पण त्याचे धन दोन गल्ल्या पलीकडच्या गरिबीवर उभे होते. जवळच, आताच्या प्रिन्सलेट स्ट्रीट आणि विल्क्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, ॲना मारिया गार्थवेट राहत होती. पाद्र्याची ही अविवाहित मुलगी चाळिशीच्या आसपास लंडनला आली आणि १७६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत रेशमावरच्या फुलांच्या नक्ष्या काढत राहिली. तिची शेकडो जलरंगी रेखाटने व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर नक्षी कोणत्या विणकराला विकली त्याचे नाव आहे, त्यामुळे वस्तीच्या व्यवहाराचे ते एक खातेपुस्तकच झाले आहे.

या भरभराटीला भारताचा एक धागा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील सुती छिटांनी लंडनच्या बायकांना वेड लावले होते. स्पिटलफील्ड्सच्या विणकरांना ती आपल्या पोटावर आलेली धाड वाटली. १७१९ मध्ये ते रस्त्यावर उतरले, छिटांचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे त्यांनी फाडले, त्यांच्यावर शाई फेकली. १७२१ मध्ये संसदेने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. चर्च स्ट्रीटवरची घरे त्यानंतरच्या दहा वर्षांत उठली हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. अडीचशे वर्षांनी त्याच घरांच्या खोल्यांत बंगालमधले कारागीर शिलाई यंत्रांवर बसणार होते, पण त्याला अजून अवकाश होता.

रेशमाचे वैभव कायद्याच्या टेकूवर उभे होते आणि टेकू निघताच ते खचले. १७६० च्या दशकात मजुरी घसरली तेव्हा विणकरांनी कमी दराने विणणाऱ्यांच्या मागांवरचे रेशीम रात्री जाऊन कापायला सुरुवात केली. १७६९ च्या डिसेंबरात दोन विणकरांना बेथनल ग्रीनमध्ये, त्यांच्याच वस्तीसमोर, फाशी दिले गेले. १७७३ च्या कायद्याने मजुरीचे दर ठरवण्याचे काम दंडाधिकाऱ्यांकडे आले. मालकांनी हळूहळू काम खुल्या दराच्या परगण्यांत हलवले आणि १८२४ मध्ये तो कायदा रद्दच झाला. १८२६ मध्ये फ्रेंच रेशमावरची बंदी उठली, १८६० मध्ये त्यावरचा आयातकरही गेला. धंदा गेला तसे धनिकही गेले, कारण त्यांना या रस्त्यावर अडकवून ठेवणारे दुसरे काही नव्हते.

याच काळात भाडेपट्ट्याच्या व्यवस्थेने आपला दुसरा चेहरा दाखवला. अठराव्या शतकातले लंडनमधले पट्टे साधारण साठ ते नव्व्याण्णव वर्षांचे असत. मुदत सरत आली की पट्टेदार घरावर पैसा घालत नाही, कारण आज केलेली दुरुस्ती उद्या जमीनमालकाच्या पदरात पडणार असते. तो घराच्या खोल्या सुट्या करतो, दर खोलीत एक कुटुंब घालतो, त्यांना पोटभाडेकरू ठेवू देतो आणि उरलेल्या वर्षांत घर पिळून घेतो. अशा घरातला प्रत्येक भाडेकरू गरीब असतो, पण सगळ्यांचे मिळून येणारे भाडे एका श्रीमंत कुटुंबाच्या भाड्याहून जास्त भरू शकते. वस्ती बिघडली, हलकी माणसे आली, असे त्या काळचे पाहणारे लिहून गेले आहेत. मला वाटते, वस्ती बिघडण्याचे वेळापत्रक कुलुपबंद पेटीतल्या त्या कागदावर शंभर वर्षे आधीच लिहून ठेवलेले होते.

१८४० च्या दशकात सरकारने कमर्शियल स्ट्रीट आरपार काढला. वाहतुकीची सोय आणि गलिच्छ वस्तीचा नायनाट असे दोन्ही हेतू त्यात होते. घरे पडली, पण त्यांत राहणारे नाहीसे झाले नाहीत. ते शेजारच्या बोळांत दाटले आणि तिथली गर्दी आणि भाडे दोन्ही वाढले. क्राइस्ट चर्चच्या समोरच्या अंगाला असलेला डॉर्सेट स्ट्रीट रात्रीच्या भाड्याने खाट देणाऱ्या लॉजिंगांचा अड्डा झाला. चार्ल्स बूथने लंडनच्या गरिबीचे नकाशे केले, तेव्हा प्रत्येक रस्त्याला रहिवाशांच्या स्थितीप्रमाणे पिवळ्यापासून काळ्यापर्यंत रंग दिला. डॉर्सेट स्ट्रीटच्या वाट्याला काळा आला. या नकाशांसाठी बूथला माहिती मिळाली ती मुख्यत्वे शाळामंडळाच्या गृहभेटी करणाऱ्या निरीक्षकांकडून, म्हणजे मुले शाळेत का आली नाहीत हे विचारत दारोदार फिरणाऱ्या माणसांकडून. गरिबीची मोजदाद करणारे इतके साधे आणि इतके अचूक साधन क्वचितच सापडेल. ‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अज्ञात खुन्याच्या १८८८ च्या खुनांच्या मालिकेतला एक खून डॉर्सेट स्ट्रीटच्या आतल्या चौकात झाला आणि त्या खुनांवर आजही रोज संध्याकाळी पर्यटकांचे तांडे इथे फिरवले जातात. फूर्निये स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या ‘टेन बेल्स’ या मद्यगृहाला तर १९७० आणि ८० च्या दशकांत काही वर्षे त्या खुन्याचेच नाव दिले होते. त्या फेरफटक्यांवर मी याहून अधिक लिहिणार नाही. मारल्या गेलेल्या बायका त्या रात्री रस्त्यावर होत्या त्याचे एक कारण खाटेचे भाडे हातात नसणे हे होते, एवढे मात्र त्यांत अधिक ठळकपणे सांगितले जावे असे वाटते.

१८९३ मध्ये चर्च स्ट्रीटचे नाव बदलून फूर्निये स्ट्रीट झाले. जॉर्ज फूर्निये हा ह्यूगेनॉट वंशातला एक दानशूर माणूस होता. गंमत अशी की रस्त्याला फ्रेंच निर्वासिताच्या वंशजाचे नाव मिळाले तेव्हा तिथून फ्रेंच केव्हाच गेले होते आणि घरे पूर्व युरोपातल्या ज्यूंनी भरत होती. निर्वासितांचा गौरव त्यांच्या जागी नवे निर्वासित आल्यावर करायचा, हा शिरस्ता इथे पुढेही दिसतो.

ज्यू आले ते १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या हत्येनंतर रशियन साम्राज्यात उसळलेल्या हल्ल्यांपासून आणि त्याहूनही अधिक तिथल्या दारिद्र्यापासून जीव वाचवत. गोदी जवळ, आधी आलेले नातेवाईक जवळ, शिवणकाम, पादत्राणे, फर यांचे धंदे चालू; आणि मोठ्या घरांच्या सुट्या झालेल्या खोल्या. ज्या पोटमाळ्यांत उजेडासाठी लांब खिडक्या ठेवल्या होत्या, तिथे आता सुया चालू लागल्या. तासन्‌तास राबवून कवडीमोल मजुरी देणाऱ्या या कारखान्यांची चौकशी करण्यासाठी १८८८ मध्ये उमरावांच्या सभागृहाने समिती नेमली. त्या काळच्या स्थानिक संतापाचा सगळ्यांत मोठा मुद्दा मात्र मजुरीपेक्षा भाड्याचा होता. १९०२-०३ मधल्या परकीयांच्या आगमनाविषयीच्या शाही आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांनी सांगितले की ज्यू भाडेकरू आले की खोलीचे भाडे चढते, आणि घराची किल्ली हातात पडण्याआधी वेगळी रक्कम मोजावी लागते. आपण तिला सरळ पागडी म्हणू. ती घेणारा घरमालक होता, देणारा नवखा भाडेकरू; पण राग निघाला तो देणाऱ्यावर. १९०५ चा परकीयांना अटकाव करणारा कायदा त्या रागातून आला. याच लोकांनी पुढे, १९३९ मध्ये, स्टेपनीत, म्हणजे स्पिटलफील्ड्स ज्यात येत होते त्या पूर्व लंडनच्या विभागात, घरमालकांविरुद्ध भाडे न देण्याचे लढे दिले आणि त्यांत ज्यू व आयरिश भाडेकरू खांद्याला खांदा लावून उभे राहिले, हा भाग त्या तीन धर्मांच्या गोष्टीत सहसा येत नाही. तो आला असता तर सहिष्णुतेची गोष्ट जरा कमी गोड आणि जास्त खरी झाली असती.

प्रिन्सलेट स्ट्रीटवरच्या १९ क्रमांकाच्या घरात हे सगळे थर एकावर एक दिसतात. १७१९ चे हे ह्यूगेनॉट घर. १८६९-७० मध्ये ज्यूंच्या एका परस्पर-साहाय्य मंडळाने त्याच्या मागच्या बागेवर छप्पर घालून सिनेगॉग बांधले. बागेचा त्याग करून मिळवलेले ते प्रार्थनागृह पाहिले की स्वतःच्या मालकीची जमीन नसलेल्या लोकांना एक मोकळा चौरस किती मोलाचा असतो हे कळते.

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीने आणि स्थलांतराने स्टेपनीची लोकसंख्या १९३१ ते १९५१ या काळात निम्म्याहून खाली आली. ज्यू कुटुंबे गोल्डर्स ग्रीन, स्टॅमफर्ड हिल अशा उपनगरांकडे सरकली. कोपऱ्यावरच्या सिनेगॉगची मंडळीही शेवटी गोल्डर्स ग्रीनलाच गेली. फूर्निये स्ट्रीट मागे उरला तो एका विचित्र अवस्थेत. घरभाडी गोठवणारा पहिला कायदा १९१५ मध्ये युद्धकाळातली तात्पुरती सोय म्हणून आला होता, आणि नियंत्रण कोणत्या ना कोणत्या रूपात दशकानुदशके चालू राहिले. भाडे वाढवता येत नाही तिथे घरमालक दुरुस्ती करत नाही. शिवाय पलीकडच्या अंगाला फळभाज्यांचा घाऊक बाजार होता. १६८२ च्या सनदेने सुरू झालेला हा बाजार वाढत वाढत गेला, त्याच्या विस्तारासाठी १९२० च्या दशकात डॉर्सेट स्ट्रीटची एक बाजू जमीनदोस्त झाली, आणि मध्यरात्रीपासून मालमोटारींनी अडणाऱ्या या भागात घर घ्यावे असे पैसेवाल्या कुणालाही वाटत नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्राइस्ट चर्चचे छत धोकादायक ठरले आणि ते बंद झाले. हॉक्समूरची ही इमारत पाडून टाकावी असेही बोलले जात होते.

या रस्त्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. आज ज्या तक्तपोशीकडे, ज्या कोरीव दारचौकटींकडे आपण तोंडात बोट घालून पाहतो, त्या वाचल्या त्या कुणी जपल्या म्हणून नव्हे. व्हिक्टोरियन काळात लंडनच्या सधन वस्त्यांमध्ये लोकांनी जुनी तोंडे फोडून नवी बसवली, खिडक्या रुंदावल्या, तक्तपोशी उखडून गिलावा केला. फूर्निये स्ट्रीटवर तसे करण्याइतका पैसा कुणाकडे नव्हता आणि असता तरी घालावासा वाटला नसता. तक्तपोशीवर रंगाचे थर चढत गेले, वर फळ्या ठोकल्या गेल्या, त्यावर यंत्रांच्या तारा गेल्या आणि खाली १७२६ चे लाकूड तसेच राहिले. माणसांना ज्या ओलीने, गर्दीने, काळोखाने पिडले, त्याच उपेक्षेने घरांना अभय दिले. गरिबीचे हे ऋण वारसा सांगणाऱ्या कोणत्याही निळ्या पाटीवर लिहिलेले नाही.

१९५० आणि ६० च्या दशकांत आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे पुरुष या खोल्यांत आले. ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून काम केलेल्यांमुळे तिथल्या गावांना पूर्व लंडनचे पत्ते माहीत होते. आरंभी हे पुरुष पाळीपाळीने एकाच खाटेवर झोपत, कातडी जाकिटे आणि कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबत. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्यानंतर येणे-जाणे अवघड झाले, तसे पुढच्या काळात त्यांनी बायका-मुलांनाही बोलावून घेतले. एकट्या पुरुषाला खाट पुरते, कुटुंबाला घर लागते. आणि नगरपालिकेच्या घरांच्या रांगेत बंगाली कुटुंबे वर्षानुवर्षे मागे राहत होती किंवा जिथे त्यांच्यावर रोज हल्ले होत अशा इमारतींत पाठवली जात होती. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या पंचवीस वर्षांच्या शिवणकामगाराचा कामावरून घरी जाताना वंशद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून ब्रिक लेनच्या परिसरातून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले.

त्याच दशकात या दहा मिनिटांच्या परिसरात दोन प्रकारची घुसखोरी झाली, आणि मला ती शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हा रस्ता समजत नाही. १९७६ मध्ये बंगाली हाउसिंग ॲक्शन ग्रुप स्थापन झाला. ब्रिक लेनलगतच्या पेलहॅम बिल्डिंग्जसारख्या रिकाम्या पडलेल्या इमारतींची कुलपे तोडून त्यात कुटुंबे राहायला गेली, कारण एकत्र राहिले तरच सुरक्षित राहता येईल हे त्यांना अनुभवाने कळले होते. १९७७ मध्ये स्पिटलफील्ड्सचा वास्तुसंरक्षण न्यास स्थापन झाला. थोड्याच अंतरावरच्या एल्डर स्ट्रीटवर अठराव्या शतकातली घरे एक बांधकाम कंपनी पाडत होती, तेव्हा कलेचे इतिहासकार आणि वास्तुप्रेमी त्या घरांत शिरले आणि ठिय्या देऊन बसले. दोघांनीही कायदा मोडला, दोघांचाही विजय झाला. बंगाली कुटुंबांना अखेर महानगर परिषदेकडून भाडेकरूचे हक्क मिळाले. वास्तुप्रेमींना घरे मिळाली आणि पुढे वारशाचे रक्षक म्हणून मान मिळाला. दोघांतल्या कुणाचेही धैर्य मी कमी लेखत नाही. पण एका गटाला घरात राहणारी माणसे वाचवायची होती आणि दुसऱ्याला राहणाऱ्यांपासून स्वतंत्र असे घर, आणि पुढच्या चाळीस वर्षांत बाजाराने कुणाची भाषा उचलली हे उघड आहे.

न्यासाने मोडकी घरे घेतली, दुरुस्त केली आणि जपण्याच्या अटी घालून विकली. कलावंत तर आधीच आले होते. गिल्बर्ट आणि जॉर्ज ही जोडी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून फूर्निये स्ट्रीटवर राहत आहे. १९७० च्या दशकात सुरू झालेले क्राइस्ट चर्चचे जीर्णोद्धाराचे काम २००४ मध्ये संपले आणि मध्यंतरी, १९८४ ते ८६ दरम्यान, तळघरातल्या दफनांचे उत्खनन झाले. हजाराच्या आसपास माणसांचे अवशेष मिळाले, बऱ्याच शवपेट्यांवरच्या पट्ट्यांवर नाव आणि वय होते, आणि रेशीमवाल्या कुटुंबांचे हाडामांसाचे आयुष्य, त्यांचे किडलेले दात आणि वाकलेले मणके, वैद्यकाला अभ्यासायला मिळाले. १९९१ मध्ये घाऊक बाजार लेटनला हलला आणि मालमोटारी थांबल्या. शहराच्या आर्थिक पेढ्या पायी जाण्याच्या अंतरावर होत्याच. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्येच लंडनच्या कामकरी वस्त्यांमध्ये मध्यमवर्ग कसा एकेक घर घेत शिरतो आणि मूळ रहिवासी जवळजवळ सगळे बाहेर पडेपर्यंत ही क्रिया कशी थांबत नाही, हे नोंदवून ठेवले होते. स्पिटलफील्ड्समध्ये ते उशिरा घडले, इतकेच.

आता फूर्निये स्ट्रीटवरच्या घराची किंमत काही दशलक्ष पौंडांत मोजतात. एकेका घरात पूर्वी जितकी कुटुंबे होती तितक्या खोल्यांत आता एक कुटुंब राहते, म्हणजे घर १७२६ च्या मूळ हिशेबाकडे परत गेले. पलीकडे प्रिन्सलेट स्ट्रीटवर एका घराचा उडालेला गुलाबी रंग आणि पोपडे मुद्दाम तसेच ठेवले आहेत आणि तिथे छायाचित्रणाची गर्दी असते. पोपडे जपण्यासाठी पैसा लागतो हे मला तिथे उभे राहून प्रथम उमगले. पूर्वी ते फुकट मिळत.

या बदलाला कुणा एकाला दोषी धरावे असे मला वाटत नाही. ज्यांनी छपरे गळताना स्वतःच्या हातांनी फळ्या ठोकल्या, त्यांच्यामुळेच आज रस्ता उभा आहे. परंतु घरे वाचवताना भाडे वाचवण्याची कोणतीही तजवीज कुणी केली नाही, आणि दारचौकटीला मिळते तसे संरक्षण दारातून आत जाणाऱ्याला मिळत नाही. कायद्याच्या यादीत इमारत नोंदवता येते, तिचा एक कंससुद्धा परवानगीवाचून हलवता येत नाही. तिच्यातल्या शिवण-कारखान्याची किंवा भाडेकरूची नोंद त्या यादीत करता येत नाही.

ही फारकत अगदी अलीकडे एका खटल्यात समोर आली. ब्रिक लेनवरची ट्रुमन ही जुनी दारूभट्टी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली होती. तिच्या आवारात दुकाने आणि कार्यालयांचे नवे संकुल उभारण्याची योजना आली. त्याने आसपासच्या गाळ्यांचे भाडे चढेल आणि बंगाली उपाहारगृहे आणि दुकाने उठतील, या भीतीने ‘ब्रिक लेन वाचवा’ अशी मोहीम उभी राहिली. या वेळी बंगाली व्यावसायिक आणि १९७७ चा तो वास्तुन्यास एकाच बाजूला होते. सप्टेंबर २०२१ मध्ये या भागाचा कारभार पाहणाऱ्या टॉवर हॅम्लेट्स परिषदेच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. न्यास न्यायालयात गेला आणि खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, जिथे तो मार्च २०२५ मध्ये फेटाळला गेला. न्यायमूर्तींपुढे गाळ्यांच्या भाड्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो इतकाच की आधीच्या बैठकीला हजर नसलेल्या सभासदांना पुढच्या बैठकीत मत देऊ न देण्याचा परिषदेचा नियम कायदेशीर आहे की नाही. आणि तो कायदेशीर ठरला.